चादरींवरचं विमान

११ फेब्रुवारी

शहाणे,

पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी. इथे सगळे धडधाकट आहेत.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, मी दुसरं लग्न केलं म्हणून तुम्ही बोलणं कमी केलंत का?" आणि मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते. दूधबीध काही नव्हतं गं. तुझा फोन आला की हे लॉन्ड्रीच्या काउंटरवरून उठतात आणि बॉयलरच्या खोलीत जाऊन बसतात. तिथे एवढी वाफ असते की पाच मिनिटांत माणसाचा उकडलेला बटाटा होईल. म्हणून मी घाईने फोन ठेवते. तुझ्यावर राग म्हणून नव्हे, म्हातारा शिजू नये म्हणून. आता ठरवलंय, लिहिणारच. कागदाला कान नसतात.

तुझ्या सासऱ्यांचा स्वभाव तुला मी काय सांगणार? आपला तो गेल्यावर तू तीन वर्षं आमच्याजवळ राहिलीस, लॉन्ड्रीत आमच्या बरोबरीने राबलीस. तुझं पुन्हा लग्न व्हावं म्हणून हात धुऊन मागे लागले ती मी. यांचं म्हणणं, मुलगा देवाने नेला आणि सून-नात तू घालवलीस. लग्नाला आले नाहीत, निरोप द्यायला दारात आले नाहीत, आणि दोन वर्षं तुझं नाव घेतलेलं नाही. तुझ्या नवऱ्याचा विषय निघालाच तर "तो लिफ्टवाला" म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करणं म्हणजे जणू चोऱ्या करणं! असो. एकच चादर किती वेळा पिळायची.

बातमी वेगळीच सांगायची होती. विमानतळाजवळच्या हॉटेलच्या चादरी अजून आपल्याकडेच येतात. काल तिथला मॅनेजर आला आणि म्हणाला, "काकू, पुढच्या महिन्यापासून काम वाढणार. नवीन विमान सुरू होतंय, भलंथोरलं. त्याच्या कर्मचाऱ्यांनीच आमचा अर्धा मजला भरेल."

मी विचारलं, येणार कुठून? त्याने तुमच्या शहराचं नाव घेतलं. थेट. मध्ये कुठे उतरायचं नाही, बदलायचं नाही.

हे उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होते. मान वर केली नाही. हातातल्या अभ्र्याची घडी मात्र मोडली, परत घातली आणि परत मोडली.

भिंगरीला सांग, आजी विचारत होती, हलणारा दात पडला का? आणि लिफ्टवाल्यांना (मी प्रेमाने म्हणते) माझे आशीर्वाद.

तुझी आई


२ मार्च

शहाणे,

आलं बाई ते विमान!

दुपारी आख्खी गल्ली गच्च्यांवर चढली होती. औषधांच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं. समोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाला घेऊनच वर आला, त्या बिचाऱ्याच्या एका गालाला फेस आणि गळ्यात टॉवेल. शेजारच्या मास्तरीणबाई सकाळपासून सांगत होत्या की याचा आवाज फार नाही, म्हणून कान नव्हे, डोळे उघडे ठेवा.

मी यांना म्हटलं, चला वर. तर म्हणाले, "विमानाशी मला काय करायचंय? त्याला काय इस्त्री करायची आहे?"

मी एकटीच गेले. आधी लांबवर एक दिवा दिसला. भर उन्हात दिवा. बराच वेळ तो जागचा हललाच नाही, नुसता मोठा होत गेला. मग त्याला पंख फुटले. खरं सांगते, इतकी वर्षं विमानांखाली राहिले, सवयीने मान वर करत नाही मी, पण याच्यापुढे तोंड उघडंच राहिलं. एवढं मोठं की ते उडतंय असं वाटेचना. वाटलं, ते आभाळात टांगून ठेवलंय आणि आपलीच गच्ची मागे सरकतेय. चाकं बाहेर काढलेली, बदक पाण्यावर उतरताना पाय पुढे करतं तशी. पांढरंशुभ्र पोट, आपण नीळ देऊन काढलेल्या चादरीसारखं. खिडक्यांची रांग तर संपता संपेना. त्याची सावली आपल्या दोऱ्यांवरून सरकली तेव्हा सगळ्या चादरी क्षणभर राखाडी झाल्या आणि पुन्हा लख्ख पांढऱ्या. मग ते गोदामाच्या मागे उतरलं. शेपटी तेवढी छपरावरून सरकत जाताना दिसली. सलूनवाल्याच्या गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या आणि फेस सगळीकडे उडाला.

मागे वळून बघते तर हे. हातात रिकामी टोपली.

"चादरी काढायला आलो," म्हणाले.

चादरी अजून टपटप गळत होत्या. तरी या माणसाने चिमटे काढायला सुरुवात केली, एक ओली चादर टोपलीत कोंबली आणि दुसरीकडे वळताना विचारलं, "खिडकीतून खालचं दिसत असेल का गं?"

मी म्हटलं, "दिसत असणार. खिडकी असते कशाला?"

"माणसं दिसत असतील?"

"माणसं नसतील दिसत. गच्च्या दिसत असतील."

"हं," म्हणाले, आणि ती ओली टोपली घेऊन खाली गेले. संध्याकाळी मी गुपचूप त्या चादरी पुन्हा वाळत घातल्या. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. असा आमचा संसार.

तुझी आई


२६ मार्च

शहाणे,

आज बरंच लिहायचंय. चहा घेऊन बस.

ते विमान आठवड्यातून तीनदा येतं, आणि तीनही दिवशी यांना त्याच वेळी गच्चीवर काम निघतं. कधी दोरी सैल झालेली असते, कधी टाकीचं झाकण बघायचं असतं. परवा तर म्हणाले, कबुतरं फार झाली. आपल्याकडे कबुतरं कुठली! मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. झोपेचं सोंग घेणाऱ्याला जागं करू नये, तो खरंच झोपून जातो.

काल विमान आलं नाही.

वारा भयंकर होता. मी चादरी वर नेल्याच नाहीत. हे मात्र गेले. तासभराने मी बघायला गेले तर गच्चीच्या कठड्याला धरून उभे, केस सगळे विस्कटलेले.

"अजून आलं नाही," म्हणाले.

"उशीर झाला असेल."

"एवढा?"

आणखी थोडा वेळ गेला. मग मला म्हणाले, "चल." अंगातला ॲप्रनही काढला नाही. तसेच आम्ही विमानतळावर गेलो, हे पुढे, मी मागे. चौकशीच्या खिडकीपाशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा यांना धाप लागली होती.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "कोण येणार आहे तुमचं?"

"सून," हे म्हणाले. "आणि नात."

 क्षणभर मलाच वाटलं, तू कळवलंस आणि यांनी लपवून ठेवलं की काय.

"नाव सांगा, बाबा."

यांनी तुझं नाव सांगितलं. दोन वर्षांनी यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं मी. सगळं नाव, आपल्या आडनावासकट. मग भिंगरीचं. मुलीने बोटं चालवली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या नावांचं कोणी नाहीये या विमानात."

"आज नाही," हे म्हणाले. "आज कोणी नाही. पण येतील तेव्हा याच विमानाने येतील ना, म्हणून विचारतोय."

मागच्या रांगेत कोणी तरी चुकचुकलं. ती मुलगी मात्र हसली नाही. जागेवरून उठली, यांना पाणी आणून दिलं आणि सांगितलं, वाऱ्यामुळे विमान दुसरीकडे उतरवलंय, सगळे सुखरूप आहेत, वारा पडला की इकडे आणतील. हे ते पाणी उभ्याने, एका दमात प्यायले.

आम्ही परत निघालो. औषधांच्या दुकानापाशी आल्यावर म्हणाले, "तिचं आताचं आडनाव काय?"

मी सांगितलं.

"पुन्हा सांग. नीट. पुढच्या खेपेला चुकायला नको."

शहाणे, मी रस्त्यात रडले नाही. घरी येऊन मोठी मशिन लावली, ती आवाज फार करते. तिच्याजवळ उभी राहून रडले. दुःखाने नव्हे.

तर आता तूच काय ते समज. या. तिघं या.

तुझी आई


१९ एप्रिल

शहाणे,

काल फोन यांनी उचलला, आणि तू म्हणतेस की नंतर तुला काही सुचेना. अगं, इथे यांनाही सुचत नव्हतं. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. मग एकदम म्हणाले, "मळके कपडे तसेच आणा, इथे धुऊ," आणि माझ्याकडे फोन देऊन मोकळे. त्याचा अर्थ काय, असं तू विचारत होतीस. अर्थ हाच की या. याहून गोड बोलणं या माणसाच्या तोंडून मी लग्नापासून आजवर ऐकलेलं नाही.

तयारी सुरू आहे. मधली खोली यांनी स्वतः झाडली. खाटेवरच्या चादरीला खळ एवढी दिली आहे की झोपलात तर चादर मोडेल.

एक गोष्ट मात्र अडली आहे. आपल्या त्याचा फोटो त्याच खोलीत आहे, खिडकीशेजारी, तो मोठ्याने हसतोय तो. मला वाटलं, तुझा नवरा त्या खोलीत झोपणार, त्याला अवघडल्यासारखं होईल. म्हणून मी स्टुलावर चढून फोटो काढत होते तर हे दारात.

"कुठे नेतेस त्याला?"

"आपल्या खोलीत. पाहुण्यांपुरता."

"पाहुणा आला म्हणून घरच्या माणसाने खोली बदलायची?"

"अहो, त्या माणसाला काय वाटेल?"

"वाटू दे काय ते. बघतील एकमेकांना."

असं तोऱ्यात बोलले खरे. पण सकाळी पाहते तर फोटो यांच्याच मांडीवर, आणि काचेवर फडकं फिरवताहेत, नुसतंच फिरवताहेत. मला म्हणाले, "तिला विचार. तिचं जे म्हणणं असेल ते."

म्हणून विचारते. तुझा शब्द शेवटचा. काय ठेवायचं, काय हलवायचं ते तू सांग. तू सांगशील त्याचं आम्ही दोघंही वाईट वाटून घेणार नाही. (हे घेतील, पण एक दिवस.)

तुझी आई


७ जून

शहाणे,

तुम्ही गेलात आणि घर एकदम मोठं झालं. भिंगरीचा एक मोजा मशिनच्या मागे सापडला. दुसरा तुझ्याकडे असेल तर टाकू नकोस.

तू इथे होतीस तेव्हा मला तुझ्याशी निवांत बोलताच आलं नाही. घरभर माणसं, त्यात भिंगरी. आता तुला ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली त्या लाल चादरीची. तुम्ही यायच्या दोन दिवस आधी हे रंगाची पुडी घेऊन आले. मी म्हटलं, वेड लागलं का? जन्मभर या माणसाने काय केलं, तर पांढऱ्यात लाल जाऊ दिलं नाही. एकदा कामाच्या बाईने चुकून लाल मोजा टाकला होता तर दोन दिवस जेवले नव्हते. तोच माणूस हंड्यात जुनी चादर बुडवून काठीने ढवळत होता, कोपरापर्यंत लाल! म्हणाले, "माणसं दिसत नाहीत, गच्च्या दिसतात, असं तूच म्हणालीस ना? सगळ्या गच्च्या सारख्याच. पोरीला कळायचं कसं?"

तुम्ही आलात त्या दुपारी ती चादर मधल्या दोरीवर होती. चारी बाजूंना हॉटेलच्या पांढऱ्या. विमान डोक्यावर आलं तेव्हा हे आधी टोपी हलवत होते, मग टोपी टाकून चादरच हलवायला लागले. माझा जीव वर, कारण तुम्ही त्या पोटात होता. इतक्या मोठ्या वस्तूच्या आत माझी एवढीशी भिंगरी, ही कल्पनाच मला पेलेना. ते गोदामामागे उतरलं, आणि आम्ही दोघंही जिना उतरून धावत सुटलो.

लाल चादरीचं पाणी तीन पांढऱ्या चादरींना लागलं. फिकट गुलाबी झाल्या आहेत. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, "काका, तुमच्याकडून? हे कसं झालं?" हे म्हणाले, "नात आली," आणि तीन नव्या चादरी त्याच्या हातात ठेवल्या. ताठ मानेने.

दुसरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू भिंगरीला अंघोळ घालत होतीस. मी गच्चीवर चादरी काढत होते आणि हे आणि तुझा नवरा दोऱ्यांच्या पलीकडे कठड्यापाशी होते. त्यांना मी दिसत नव्हते. मी खाकरले नाही. ऐकायचं होतं मला.

 मग यांनी विचारलं, "काल चादर दिसली का तुम्हाला?"

"नाही दिसली," तुझा नवरा म्हणाला. "आमच्या जागा मधल्या रांगेत होत्या, खिडकी कुठेच नव्हती. भिंगरी हट्टाला पेटली, आजोबांची गच्ची बघायची म्हणून. मग मी ओळीने लोकांना विचारत गेलो. शेवटी एका बाईंनी तिला आपली खिडकी दिली."

"मग तुम्ही तिच्या मागून बघायचं."

"माझे डोळे मिटलेले होते."

"का?"

"मला भीती वाटते विमानाची."

हे वळून बघायला लागले. "तुम्ही तर लिफ्टवाले!"

"लिफ्टला दोर असतो, बाबा. याला काय आहे?"

आणि हे हसले गं! खो खो नाही, पण पोट हललं. शेवटी म्हणाले, "एवढी भीती वाटते तर आलात कशाला? त्या दोघींना पाठवायचं."

तुझा नवरा कठड्यावर वाकला. मग हळूच म्हणाला, "मला एक विचारायचं होतं, ते तुम्हालाच विचारता येणार होतं. त्या फोटोत तो एवढा कशाला हसतोय?"

तू जागेवरच ठेवायला सांगितलेला तो फोटो! माझ्या हातातला चिमटा पडला. तरी दोघांना ऐकू गेलं नाही.

"ती माझ्यासमोर त्याच्याबद्दल बोलत नाही," तो म्हणाला. "मला वाईट वाटेल म्हणून. भिंगरीला तर काही आठवतच नाही. ती मला विचारते, माझे आधीचे बाबा कसे होते? मला काय सांगावं कळत नाही. मी तो फोटो रात्रभर बघत होतो. माणूस चांगला असणार, एवढं कळलं. पण हसतोय कशाला ते कळलं नाही."

मला वाटलं, आता हे उठून बॉयलरच्या खोलीत जाणार. पण ते तिथेच होते.  मग म्हणाले, "मला हसतोय तो. साबणाच्या पाण्यावरून घसरलो होतो आणि चादरींच्या टबात बसलो होतो. बाहेर निघता येईना. हात द्यायचा सोडून हा दाराला धरून हसत सुटला, आणि त्याच्या मित्राने तेवढ्यात फोटो काढला."

"मग तुम्हाला बाहेर कोणी काढलं?"

"त्यानेच. नंतर. काढताना तोही आत पडला."

मग काय, बांध फुटला. पाण्याला कसा घाबरायचा, लॉन्ड्रीवाल्याचा मुलगा असून. गणितात कसा दिवे लावायचा. तू त्याला पहिल्यांदा भेटलीस त्या दिवशी त्याने चुकून गिऱ्हाइकाचा शर्ट घातला होता. (ते तुला आज कळतंय का? नवीन शर्ट म्हणाला होता ना?) शेवटचे दिवसही सांगितले यांनी, दवाखान्यातले. मला कधी सांगितले नव्हते, माझ्याशी कधी बोललेच नव्हते ते. तुझा नवरा नुसता ऐकत होता. अंधार पडेपर्यंत.

खाली आल्यावर हे मला म्हणाले, "माणूस बरा आहे." आणि जेवताना त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं, ते तू पाहिलंसच. तुला वाटलं पाहुणचार. पाहुणचार नव्हता तो.

आता परवाचं. तुम्हाला पोचवून आम्ही विमानतळावरून घरी आलो ते थेट गच्चीवर. मला वाटलं, निदान डोक्यावरून जाताना हात तरी हलवू. हे टोपी हातात धरून, मी बाजूला. वाट बघतोय, बघतोय. शेवटी गोदामाच्या पार पलीकडे ते उठलं आणि आमच्याकडे पाठ करून लांब निघून गेलं. ठिपका होईपर्यंत. आमच्याकडे फिरकलंच नाही.

मी यांच्याकडे वळले. म्हटलं, "बघा ना, जाताना साधं वरून गेलंही नाही."

यांनी टोपी डोक्यावर घातली. "जाणारं विमान आपल्याकडून जातच नाही," म्हणाले. "आधीची सगळी बघून ठेवलीत मी. वाऱ्याकडे तोंड करून ती तिकडूनच उठतात. आपल्या गच्चीवरून जातात ती सगळी येणारी."

मी इतकी वर्षं या गच्चीवर कपडे वाळत घालतेय. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तुझी,
दोन्ही घरांची आई